एफ-४० हरली म्हणे! अहो, ती १९८७ लाच हरली होती

काल भाच्याने एक रील पाठवलं. डावीकडे लाल फेरारी एफ-४०, उजवीकडे चिनी इलेक्ट्रिक गाडी बीवायडी सील, मधे मोठ्ठ्या अक्षरात ०-१००, म्हणजे शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला पोचायचा वेळ, एकीला ४.१ सेकंद, दुसरीला ३.८, आणि खाली हसून हसून रडणारे पाच इमोजी. वर साहेबांची कमेंट, "मामा, तुझी देवी तर फॅमिली सेडानच्या मागे राहते रे." रात्री जेवल्यावर त्याला एवढा लांब व्हॉइस मेसेज टाकला की तो त्याने ऐकला नसणार याची मला गॅरंटी आहे, म्हणून आता इथे लिहितोय, निदान कुणीतरी वाचेल.

तर आकडे बरोबर आहेत, त्याबद्दल भांडण नाही. भांडण "हरली" या शब्दाशी आहे, कारण एफ-४० ला ०-१०० मधे हरवायला चाळीस वर्षं थांबायची गरजच नव्हती, ती आली तेव्हाच हरलेली होती. पोर्शे ९५९ ने हरवलेलं. कंपनीचाच आकडा ३.७ सेकंद, म्हणजे आजच्या त्या इलेक्ट्रिक सेडानपेक्षाही कणभर कमी, आणि ते १९८० च्या दशकात, पेट्रोलवर, गिअर हाताने टाकून!

एफ-४० आणि ९५९, दोन्ही गाड्यांचं मूळ एकच, ग्रुप बी रेसिंग, म्हणजे रॅलीच्या राक्षसी गाड्यांचा तेव्हाचा वर्ग. फेरारीने त्यासाठी २८८ जीटीओ आणि तिची पुढची आवृत्ती इव्होल्युझिओने केली, पोर्शेने ९५९. मग १९८६ मधे अपघात झाले, माणसं गेली आणि ग्रुप बी बंद पडलं. दोघांकडे तयार माल पडून होता आणि दोघांनी त्यातून एकमेकांच्या पूर्ण उलटं काहीतरी केलं. पोर्शेने फोर व्हील ड्राइव्ह ठेवली, कुठल्या चाकाला किती ताकद जाणार ते कॉम्प्युटरवर सोडलं, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या दोन टर्बोपैकी एक आधी आणि दुसरा मागून चालू होणार अशी सोय केली, टायरमधली हवा कमी झाली तर सांगणारं सेन्सर दिलं. गिअरच्या मुठीवर पहिल्या गिअरच्या आधी एक "जी" आहे, गेलेंड, म्हणजे ओबडधोबड रस्ता. सुपरकारला खडबडीत रस्त्याचा गिअर, हे फक्त जर्मनच करू जाणे. आणि नुसती शोभा नाही हं, १९८६ च्या पॅरिस-डाकारमधे ९५९ पहिली आणि दुसरी आलेली.

फेरारीने एफ-४० ला काय दिलं? काही नाही. एबीएस नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही, कार्पेट नाही, रेडिओ नाही. २.९ लिटरचा व्ही-८, दोन टर्बो, ४७८ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) ताकद, सगळं मागच्या दोन चाकांवर, आता तुम्ही आणि तुमचं नशीब. जागेवरून सुटताना टर्बो आधी झोपलेले असतात आणि जागे झाले की एकदम लाथ मारतात. अशा गाडीला ०-१०० वर मोजायचं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला तो पाण्यात उडी कशी मारतो यावर मार्क देण्यासारखं आहे.

बरं मग टॉप स्पीड तरी? तिथे फेरारीने ताशी ३२४ किलोमीटर सांगितला, म्हणजे २०१ मैल, आणि "२०० मैलांची हद्द ओलांडणारी पहिली प्रॉडक्शन कार", म्हणजे विक्रीसाठी बनवलेली गाडी, असं बिरुद कायमचं चिकटलं. ९५९ चे ३१७. गंमत म्हणजे २०० मैल ही हद्द इंग्लंड-अमेरिकेची, इटलीत ताशी ३२२ किलोमीटरला कोण विचारतो. आणि बिरुदाचं म्हणाल तर एफ-४० चं अनावरण जुलै १९८७ मधलं. त्याच्या काही महिने आधीच 'रोड अँड ट्रॅक' या अमेरिकन मासिकाने जर्मनीत फोक्सवॅगनच्या एरा-लेसियन ट्रॅकवर भन्नाट गाड्यांची टेस्ट घेतली, आणि रुफ नावाच्या छोट्या वर्कशॉपची पिवळी सीटीआर, दिसायला साधी पोर्शे ९११, ताशी ३३९ ने पळाली. त्या टेस्टला गाड्या पळवणाऱ्यांत फिल हिल होता, फेरारीचाच १९६१ चा फॉर्म्युला वन चॅम्पियन! फेरारीवाले म्हणतात रुफने तीसच्या आसपासच बनवल्या, ती कसली प्रॉडक्शन कार. ठीक आहे, पण ३३९ ते ३३९.

आता त्या रीलसारख्या तक्त्यांकडे येतो, कारण मला खरा राग त्यांचा आहे. एकात ताकद म्हणून एफ-४० ला ४७८ आणि ९५९ ला ४४४ लिहिलेलं असतं. ४७८ हे पीएस, ४४४ हे बीएचपी, म्हणजे ब्रिटिश हॉर्सपॉवर, माप थोडं वेगळं! एकाच मापात घेतलं तर ४७८ आणि ४५०, म्हणजे फरक २८ चा, ३४ चा नाही. कुठे एफ-४० ला ४.१ लिहितात, कुठे ३.८, कारण एक ०-१०० किलोमीटरचा आणि दुसरा ०-६० मैलांचा, आणि ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. आणि वजन! ११०० किलो म्हणून जे सगळीकडे फिरतं ते ड्राय वेट आहे, ऑइल नाही, पाणी नाही, पेट्रोल नाही. हिची टाकी १२० लिटरची, भरली तर नुसतं पेट्रोलच नव्वद किलो. भाजीवाला पण मेथी इतकी झटकून वजन करत नाही.

तरीपण, झटकून किंवा न झटकता, ती ९५९ पेक्षा बरीच हलकी होती आणि १०० च्या पुढे हेच कामाला येतं. कंपनीच्या आकड्यात ०-२०० बारा सेकंद आहे, म्हणजे पहिल्या १०० ला चार आणि दुसऱ्या १०० ला फक्त आठ, तेही हवेचा धक्का चौपट झालेला असताना. माझ्या मते एफ-४० चा एकच आकडा बघायचा तर हा, आणि तो कुठल्याच रीलमधे नसतो.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाने पॅकेजिंग मशीनच्या ट्रायलला बोलोन्याला गेलो होतो. रविवार मोकळा मिळाला तर ट्रेनने मोदेना आणि तिथून बसने मारानेलो, फेरारीचं म्युझियम. तिथल्या एफ-४० ला अगदी नाक लावून बघितलं. रंग इतका पातळ की खालच्या कार्बनची वीण दिसते, जसं जुन्या धोतराचं सूत दिसावं. काचेतून आत बघितलं तर दाराला आतून हँडलच नाही, एक दोरी लोंबतेय, ती ओढायची की दार उघडतं. जॉइंटवर हिरवट गोंद तसाच दिसतो, पुसायचे कष्टही घेतलेले नाहीत. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारींच्या हयातीत आलेली ही शेवटची नवी गाडी, पुढच्याच वर्षी ऑगस्टमधे ते गेले. मी बघत बसलो आणि परतीची बस चुकली.

आणि हे सगळं वेड आलं कुठून तर ट्रम्प कार्डमधून. नाशिकला आमच्या वाड्याच्या जिन्यात बसून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही हेच खेळायचो, ज्याची पाळी तो आकडा निवडणार. एफ-४० चं कार्ड आलं की मी सीसी कधीच बोलायचो नाही, कारण पक्याकडे लॅम्बोर्गिनी काउंटॅश असायची, ५१६७ सीसी, आणि माझी २९३६. सिलिंडर पण नाही, बारापुढे आठ. मी डोळे मिटून "टॉप स्पीड!" ओरडायचो. फेरारीनेही १९८७ मधे तेच केलं, पोर्शेने पाळी आल्यावर ०-१०० म्हटलं, आणि आता बीवायडीवाले पण तेच म्हणणार, त्यांची पाळी आहे.

पक्याने पूर्ण सुट्टीत डोकं आपटलं तरी त्याला ते कार्ड माझ्याकडून काढता आलं नाही. रुफचं कार्ड त्या गड्डीत नव्हतंच.