न्यू जर्सीहून पेडगावला

दिवाळी फराळाला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. चकलीची दुसरी खेप यायच्या आत एका काकांनी जाहीर केलं, "विली हॉर्टनच्या जाहिरातीत वंशाचा काय संबंध? विषय गुन्हेगारीचा होता." हॉर्टन म्हणजे तुरुंगातून रजेवर सुटून पळालेला आणि पुन्हा गुन्हे केलेला एक काळा खुनी. त्याच्यावरची ती अमेरिकन निवडणुकीतली जाहिरात. पुढचा दीड तास त्यातच गेला. काका जिंकले. तुम्हालाही जिंकायचं असेल तर त्यांच्याकडून शिकलेलं सांगून ठेवतो.

आधी शब्द मोजायला लावा. 'काळा' हा शब्द आला का कुठे? नाही ना? मग मिटलं! १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या त्या जाहिरातीतला निवेदक सांगतो, की डेमोक्रॅट उमेदवार आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर डुकाकिस खुन्यांना तुरुंगातून वीकेंडची सुट्टी देतात, आणि हॉर्टनने बाहेर येऊन काय केलं. मध्ये हॉर्टनचा पोलिसी फोटो येतो. आता फोटो कुणाचा तरी लावायलाच हवा. मॅसॅच्युसेट्सची ती रजा-योजना १९७२ मध्ये एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या कारकिर्दीत सुरू झाली, हे कुणी काढलंच तर चिवड्याचं कौतुक करा.

जाहिरात बाहेरच्या गटाची होती, रिपब्लिकन उमेदवार थोरल्या बुश यांच्या प्रचाराची नव्हे, हे दर पाच मिनिटांनी म्हणा.

"तुलाच सगळीकडे वंश दिसतो, म्हणजे वंशवादी तूच." हे पाठच करा.

पुरावा मागा, आणि मिळाला की "जुनं झालं ते" म्हणा. पुरावा मिळतोच, ही खरी अडचण. रिपब्लिकनांचा प्रचार-डावपेचकार ली ॲटवॉटर याने १९८१ च्या एका मुलाखतीत सगळी पाककृतीच देऊन ठेवलीय. १९५४ साली काळ्यांना उघड शिवी दिलेली चालायची. १९६८ पर्यंत ती अंगाशी यायला लागली, म्हणून राज्यांचे हक्क (म्हणजे काळ्यांना हक्क देणारे केंद्राचे कायदे नकोत), शाळेच्या बसगाड्या (काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून सक्तीने चालवलेल्या) असं बोलायचं, आणि पुढे तर नुसती करकपात. फटका काळ्यांना जास्त बसतो तो बसतोच. वर त्याचं म्हणणं, बोलणं इतकं अमूर्त झालं म्हणजे वंशाचा प्रश्न मिटतच चालला! आणि १९८८ मध्ये बुश यांच्या प्रचाराची सूत्रं कुणाकडे? याच गृहस्थांकडे. स्वयंपाकी स्वतः सांगतोय भाजीत काय घातलंय, आणि काका म्हणतात, मला चवच लागत नाही! नॉर्थ कॅरोलायनात १९९० साली रिपब्लिकन सिनेटर जेसी हेल्म्सने आपल्या प्रचाराच्या जाहिरातीत नुसते गोरे हात दाखवले. नोकरी नाकारल्याचं पत्र चुरगाळणारे. का, तर म्हणे वांशिक कोट्यामुळे ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली. समोर उभा होता हार्वी गँट, शार्लटचा पहिला कृष्णवर्णीय महापौर. हेल्म्स निवडून आला. तिथेही काकांना फक्त बेकारीच दिसली.

पण २०१२ ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी मिशिगनमध्ये सिनेटचा रिपब्लिकन उमेदवार पीट होएक्स्ट्राची जाहिरात लागली. भाताच्या शेतातून सायकलवर येणारी आशियाई बाई, मोडकंतोडकं इंग्रजी, आणि चीनकडून कर्ज घेतल्याबद्दल उपरोधाने मानलेले आभार. तिच्यातही 'आशियाई' हा शब्द नाही. तेव्हा हेच काका लालबुंद झाले होते. "आपल्याला काय समजतात हे लोक?" त्या दिवशी शब्द मोजायला कुणी बसलं नाही.

आता सरळच बोलतो. काका, पुण्यातला फ्लॅट भाड्याने देताना 'फक्त शाकाहारी कुटुंब' असं तुम्ही लिहिता, तेव्हा त्यात कोण कोण नको आहे ते तुम्हाला नीट माहीत असतं. आडनावावरून अंदाज लागला नाही की "मूळ गाव कुठलं?" विचारता, तेही भूगोलासाठी नाही. जन्मभर ही भाषा बोलता, ऐकता, आणि दुसऱ्याच्या तोंडून आली की बहिरे होता? तुम्हाला सगळं कळतं. मार तुम्हाला बसत नाही, एवढंच. आणि तो बसत नाही तोवर बरंच चाललंय, म्हणून वाद घालता.

नको, चकली नको मला.