गुडघ्यातला कुंदा

‘बिझारो’ हा शब्द बेळगावात मोठ्याने उच्चारला की घरातून पहिली हाक येते, "बाजारला जालास तर कोथिंबीर आण." बाजार नव्हे, बिझारो, ही गोष्टींची एक जात आहे, असं समजावलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, "कसल्या गोष्टी?" त्रास इथून सुरू होतो. कारण उत्तरादाखल एखादं पुस्तक पुढे करावं, तर त्याचं मुखपृष्ठ देवघर असलेल्या खोलीत नेण्यासारखं नसतं, आणि काही पुस्तकांची नावं तर मी इथेही लिहू शकत नाही.

आधी जन्मपत्रिका. अमेरिकेत २००५ मध्ये इरेझरहेड प्रेस, रॉ डॉग स्क्रीमिंग प्रेस आणि आफ्टरबर्थ बुक्स या तीन छोट्या प्रकाशनांनी आपल्याकडच्या, कुठल्याच कप्प्यात न बसणाऱ्या पुस्तकांसाठी हे नाव धरलं. प्रकाशनांची नावं वाचूनच कळतं की बारशाला भटजी नव्हता. पुढे पोर्टलंड शहरात या मंडळींचा वार्षिक मेळावा भरायला लागला, पुरस्कारही सुरू झाले. म्हणजे संसार रीतसर मांडला. पूर्वी गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत एक कोपरा असायचा, जिथल्या कॅसेटी मालक स्वतः बघायचा आणि गिऱ्हाइकाला "तुम्हाला नाही झेपणार" म्हणायचा. त्या कोपऱ्याचं पुस्तकरूप म्हणजे बिझारो. यात भीती असते, पण भयकथा नव्हे. विज्ञान असतं, पण कुठल्याही शास्त्रशिक्षकाने कान धरावा असं. विनोद भरपूर, पण हसावं की आंघोळ करावी हे दोन मिनिटं ठरत नाही.

शिरायचं कुठून, तर संग्रहातून. थेट कादंबरीतून शिरणाऱ्यांची वाताहत होते. सगळ्यांत बदनाम नाव शोधून मागवतात, तीस पानं वाचतात आणि पुस्तक माळ्यावर, जुन्या पितळी घंगाळात जाऊन पडतं. संग्रहांचं तसं नाही. २००६ मध्ये ‘द बिझारो स्टार्टर किट’ निघालं ते नारिंगी, २००७ ला निळं, २०१० ला जांभळं आणि २०१५ ला लाल. पहिल्या तिन्हींत दहा-दहा लेखक आहेत. म्हणजे एका पुस्तकाच्या पैशात दहा हात बघायला मिळतात, आणि या प्रकारात हात बघणं हेच महत्त्वाचं. कार्ल्टन मेलिक तिसरा सरळ, जवळजवळ शाळकरी इंग्रजीत अशक्य गोष्ट सांगत सुटतो, डी. हार्लन विल्सन कोरड्या चेहऱ्याने दोन-चार पानांत जमीन काढून घेतो. दोघेही नारिंगीत आहेत. एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही, आणि हे कळायला दोन कादंबऱ्या विकत घेणं परवडत नाही.

वाचायची रीत मी सांगतो ती अशी. अनुक्रमणिका उघडायची आणि सर्वांत आखूड गोष्ट आधी घ्यायची, मग ती पुस्तकाच्या मधोमध का असेना. तीन पानांत पकडलं नाही तर पुढच्या लेखकावर उडी मारायची. इथे भिडेला जागा नाही; जेवणाच्या पंगतीत मधून उठलात तर यजमान बघतो, दहाव्या पानावरून उठलात तर कुणी बघत नाही. एका बैठकीत एक गोष्ट, फार तर दोन. तिसरी वाचली की घोटाळा होतो, आणि तो आपल्यात होतो, गोष्टीत नव्हे. विचित्रपणा उठून दिसायला मागे साधी भिंत लागते. दोन गोष्टींमध्ये लाईट बिल भरावं, गॅसचा नंबर लावावा, शहापुरात जाऊन ब्लाऊजपीस बदलून आणावा. डोकं पुन्हा रोजच्या रुळावर आलं की मगच तिसरी गोष्ट रूळ उखडू शकते. आणि जेवताना वाचू नये. या लेखकांना शरीरातल्या द्रवांबद्दल जे प्रेम आहे ते पांढऱ्या रश्श्यासोबत जुळत नाही.

मराठी वाचकाचा खरा अडथळा मात्र वेगळा आहे. शाळेत आपल्याला कवितेखाली ‘कवीला काय सुचवायचे आहे’ असं विचारून चार-चार मार्कांनी घडवलेलं असतं. त्यामुळे माणसाच्या कानात बसस्टँड उघडलं की आपण लगेच ‘हे शहरीकरणाचं प्रतीक’ म्हणून मोकळे होतो. नाही हो. ते बसस्टँडच आहे. तिथे गाड्या येणार, कंट्रोलर शिट्टी फुंकणार आणि माणसाला रात्री झोप लागणार नाही. प्रतीक म्हटलं की बसस्टँड बंद पडतं.

हा मुद्दा नमुन्याशिवाय कळायचा नाही, म्हणून आपल्याकडचाच माल घेऊ. समजा, गणपत गल्लीतल्या एका गृहस्थाच्या उजव्या गुडघ्यातून एके सकाळी कुंदा, म्हणजे आमची ती दूध आटवून केलेली मिठाई, यायला लागला. झालं, अशक्य गोष्ट एवढी एकच. आता कच्चा लेखक काय करील? दुसऱ्या पानावर डोक्यातून करदंटाची मिठाई काढील, तिसऱ्यावर गोकाकचा धबधबा उलटा वाहवील, चौथ्यावर मंगळावरची माणसं आणील. वाचक पाचव्या पानावर जांभई देणार, कारण काहीही होऊ शकतं म्हटल्यावर काय होईल याची उत्सुकताच उरत नाही. नवख्यांच्या बिझारोत नव्वद टक्के घाण ही अशी होते: अशक्य गोष्टी किलोवर घालतात.

पक्का लेखक एका गुडघ्यावर थांबतो आणि वही उघडतो. रोज किती येतो? तीनशे ग्रॅम धरू. तेवढ्या कुंद्याला साधारण एक लिटर म्हशीचं दूध आटवावं लागतं. मग ते दूध कुठून आलं? गृहस्थ तर बिनदुधाचा चहा पितो. म्हणजे हाडांतून जात असणार. महिन्याभरात त्याची उंची कमी व्हायला हवी, आणि बायकोला ते लेंग्याच्या नाडीवरून आधी कळायला हवं. कुंद्याला तो तपकिरी रंग मंद आचेवर तासन्‌तास आटवल्याशिवाय येत नाही. अर्थात गुडघा तापलेला असणार, पँट घालता येणार नाही, ऑफिसला धोतर नेसून जावं लागणार, आणि साहेबाला ते राजकीय वाटणार. साखर? त्याला मधुमेह होता. आता रक्तातली साखर गुडघ्यावाटे बाहेर पडते, रिपोर्ट नॉर्मल येतात. ही बातमी फुटली की दारात मधुमेहवाल्यांची रांग. त्यांना कुंदा नकोय, गुडघा लागण करून हवाय. मिठाईवाला वेगळाच, तो विचारतो, बिल कुठल्या नावाने फाडायचं. शेवटी डॉक्टर ऑपरेशन सुचवतात आणि घरचे एकमुखाने म्हणतात, दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्यात, तुळशीच्या लग्नानंतर बघू.

बघा, एकदा गुडघा मान्य केला की पुढे एकही गोष्ट अशक्य नाही. सगळा हिशोब आहे. बिझारो म्हणजे वेडेपणा अशी समजूत आहे. माझ्या मते तो अकाउंटंटचा धंदा आहे, फक्त पहिली नोंद खोटी असते. जेफ बर्क याची २००९ ची एक छोटी कादंबरी आहे, ‘शॅटनरक्वेक’. विल्यम शॅटनर या नटाने आयुष्यभर वठवलेली सगळी पात्रं एकाच वेळी जिवंत होऊन त्याच्या जिवावर उठतात. खोटी नोंद ही एवढीच. पुढचं सगळं तिच्या व्याजावर चालतं.

इथे कुणीतरी ज्येष्ठ हटकून म्हणतात, हे आमच्याकडे सातशे वर्षांपूर्वीच झालंय. चूक नाही त्यांचं. मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते. ज्ञानेश्वरांच्या कूट अभंगात काट्याच्या टोकावर तीन गावं वसतात, त्यातली दोन ओसाड आणि एक वसतच नाही. पण कूटाला किल्ली असते. गुरूने दिली की कुलूप उघडतं आणि मुंगी आत्म्याच्या कामाला लागते. बिझारोत किल्ली नाही. तिथे सूर्य गिळलेल्या मुंगीला दुसऱ्या दिवशी जळजळ होणार, आणि अंधार पडल्याबद्दल वारुळाची बाकीची मंडळी तिला जेवायला वाढणार नाहीत.

भाषेचीही एक गंमत आहे, ती भाषांतराला बसल्याशिवाय दिसत नाही. इंग्रजीत खुर्ची जिवंत झाली, निवडणुकीला उभी राहिली तरी ‘इट’ पुरतं. मराठीत खुर्ची पहिल्या शब्दापासून बाई, पाट पुरुष आणि स्टूल बिचारं ‘ते’. तिघांच्या भानगडीत आपण न मागता लिंगं वाटून बसतो आणि लेखकाने शेवटच्या पानासाठी राखलेला डाव पहिल्याच पानावर फुटतो. कानडीत बरं असतं: माणसं आणि देव सोडले की खुर्ची, पाट, स्टूल सगळं ‘अदु’. म्हणून बेळगावच्या माणसाने भाषांतर करताना आधी मनात कानडीत वाक्य करून बघावं. पुण्याच्या माणसाला ही सोय नाही. शिवाय आपल्याकडच्या बायकाही ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. खुर्चीने निवेदन करायचं तर तिच्या तोंडी हीच बोली द्यावी, शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

आता मुखपृष्ठाचं. फोनवर ई-बुक घेणं सोपं वाटतं, पण घरात खातं एकच असतं आणि ‘आपल्याला हेही आवडेल’ म्हणून पुढच्या आठवड्यात सासूबाईंना हळदीकुंकवाच्या वाणांशेजारी काय दिसेल याची हमी नाही. त्यामुळे कागदी प्रत आणि तिला कव्हर. खाकी कागद दोन्ही बाजूंना चार बोटं जास्त ठेवून कापावा, घडी पुठ्ठ्याच्या आत घ्यावी, कण्यापाशी वर-खाली छोटी चीर द्यावी. नाहीतर तिथेच फाटतो आणि नेमकं मधलं चित्र डोकावतं. प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर घालणाऱ्यांबद्दल बोलायला नको.

खरी कसोटी कव्हरावर काय लिहायचं यात आहे. ‘गणित मार्गदर्शक’ लिहिलं की एसएसएलसीला, म्हणजे इकडच्या दहावीला, बसलेलं शेजारचं पोर मागून नेतं. ‘आयकर’ लिहिलं की काका आपला फॉर्म घेऊन येतात. ‘सीमाप्रश्न: निवडक कागदपत्रे’ हे सुरक्षित वाटतं, कारण ते सगळ्यांना पाठ आहे, कुणी उघडून बघत नाही, पण उघडत नाहीत म्हणून गप्पही बसत नाहीत, आणि महाजन आयोगापासून सुरू झालं की आपली गोष्ट त्या रात्री राहिलीच. बराच विचार केल्यावर माझं मत ‘पतसंस्था, वार्षिक अहवाल’ याला आहे. तो घराघरात पडलेला असतो आणि ज्यांचे पैसे त्यात आहेत तेही तो उघडत नाहीत.

एवढं करून वाचलेली गोष्ट चांगली होती की नुसतीच विचित्र, हे ठरवायला परीक्षणं वाचू नयेत. ती स्वयंपाकघरात, भाकरी चालू असताना, शक्य तितक्या सपाट आवाजात सांगावी. "असं कधी होतंय काय?" हा प्रश्न आला तर गोष्ट पडली, लेखकाला पहिली नोंदच गळी उतरवता आली नाही. "मग पुढं?" आलं तर बरी. आणि गुडघ्याची गोष्ट निम्म्यावर असताना तव्यावरची नजर न काढता विचारणा झाली, "वेलदोडा आतनंच पडून येतंय काय, वरनं घालावं लागतंय?", तर लेखकाचं नाव लिहून ठेवावं आणि त्याचं पुढचं पुस्तक मागवावं. खाकी कागद घरात आहे ना, तेवढं आधी बघावं.