पाच महिन्यांना एक टाईल

"सर, फक्त १४ लाख भरायचे, बाकी सगळं बँक बघते," असं धायरीच्या साइटवरची मुलगी म्हणाली तेव्हा मी चहा पीत होतो. फुकटचा होता. इतका महाग चहा मी आयुष्यात परत प्यायलेलो नाही.

फ्लॅट ७० लाखांचा, कार्पेट ६५० चौरस फूट. १४ लाख कसेबसे जमत होते: दोन एफड्या, बायकोची भिशी आणि आईनं 'कुणाला बोलू नकोस' म्हणून दिलेले दोन लाख, जे तिनं आधीच माझ्या बहिणीला सांगून ठेवले होते. बाकीचे ५६ लाख बँकेचे. रिझर्व्ह बँकेचा दंडकच तसा आहे. ३० लाखांपर्यंतचं कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतं, ७५ लाखांपर्यंतचं ८० टक्के आणि त्यापुढचं ७५. उरलेलं ज्याचं त्यानं बघायचं.

"स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन यात धरत नाहीत हं," बँकेतले साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

पुण्यात स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. फ्लॅट एकट्या बाईच्या नावावर घेतला तर १ टक्का सूट. ७० हजार वाचतात म्हटल्यावर मी बायकोकडे पाहिलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती. रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळे. त्यात सूट नाही.

परत साइटवर गेलो. या वेळी चहा आला नाही.

"जीएसटी ५ टक्के सर. बांधकाम चालू आहे ना."

"आणि पूर्ण झाल्यावर घेतला तर?"

"मग नाही लागत."

"मग पूर्ण झाल्यावरच घेतो."

"मग ७० लाखांत नाही मिळणार सर."

बेरीज केली. १४ लाखांचे २२ लाख झाले होते. 'फक्त' या शब्दाची किंमत आठ लाख निघाली. त्यातले तीन सासऱ्यांनी दिले, सोबत आग्नेय दिशेला गॅसची शेगडी का हवी यावर एक तासाचं प्रवचन दिलं. बाकीचे पीएफमधून काढले. म्हातारपणाचं म्हातारपणी बघू.

एकच गोष्ट सुखाची झाली. घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल, तर घेणाऱ्यानं बिल्डरच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. पंधरा वर्षं दर महिन्याला माझा टीडीएस कापला गेलाय. परवा पहिल्यांदा मी कुणाचा तरी कापला. रात्री झोप छान लागली.

मग सह्या. कर्जाच्या करारावर प्रत्येक पानाला सही, शिवाय तिकिटावर आडवी सही. तिसाव्या पानापासून माझं आडनाव झिजत गेलं, चाळिसाव्या पानाला नुसती एक लाट उरली. "सर, ही सही जुळत नाहीये." मला माहीत होतं. मीच कुठे जुळत होतो! नव्या प्रिंट आल्या, परत पहिल्यापासून.

ताबा मिळेपर्यंत जे भरायचं त्याला प्री-ईएमआय म्हणतात. बँकेनं बिल्डरला जितके पैसे सोडले तितक्यावर नुसतं व्याज भरायचं, मुद्दल जागचं हलत नाही. वर जुन्या घराचं भाडं चालूच. म्हणजे राहत्या घराचेही पैसे आणि न राहत्या घराचेही. मालक भाडेवाढीचं बोलायला आले तेव्हा मी त्यांना प्री-ईएमआयचा मेसेज दाखवला. बिचारे पाणी पिऊन गेले.

शेवटी ताबा मिळाला. साडेआठ टक्के दर, २० वर्षं, हप्ता ४८,५९८ रुपये. पहिला हप्ता गेला त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये जमिनीवरच बसून स्टेटमेंट उघडलं. (सोफा पुढच्या दिवाळीत.) व्याज ३९,६६७. मुद्दल ८,९३१.

आता आमचा फ्लॅट पडतो चौरस फुटाला पावणेअकरा हजारांना. म्हणजे महिनाभर राबून मी एक चौरस फूटही सोडवला नव्हता. एक पाऊल मावेल, दुसरं उचलून धरावं लागेल. आमच्या टाईल्स दोन बाय दोनच्या, चार चौरस फुटांच्या. एक टाईल सुटायला जवळजवळ पाच महिने. सुरुवातीच्या १४ लाखांत १३० चौरस फूट आले होते, म्हणजे बेडरूम आमची आणि दारातला थोडा पॅसेज. हॉल, स्वयंपाकघर, संडास, सगळं बँकेचं. मी खडूनं मनातल्या मनात हद्दही आखली.

तेवढ्यात धाकट्यानं हॉलमध्ये वरणाची वाटी उपडी केली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, टाईल पूस ना!"

"राहू दे," मी म्हणालो, "ती बँकेची आहे."

"रजिस्ट्रेशनचा इंडेक्स टू काढून मालकाचं नाव बघ," आतून आवाज आला, "माझी आहे."

मी फडकं शोधायला उठलो.