आमच्या पाण्याखाली नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचे गव्हर्नर प्रिट्झकर यांनी एका कायद्यावर सही केली. महॉमेट जलधराच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्याच्या, वर, खाली किंवा त्यातून आरपार, कुठेही कारखान्यांतून पकडलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवायचा नाही. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी, त्यात पर्यावरणासाठी मनापासून काम करणारेही आले, नाकं मुरडली. ‘उपाय सगळ्यांना हवाय, पण माझ्या दारात नको,’ हा त्यांचा सूर. मी इथे इलिनॉयमधल्या शॅम्पेन शहरात राहते, याच जलधराचं पाणी पिते आणि मला ही बंदी योग्य वाटते. कार्बन साठवणुकीला माझा विरोध नाही. सिमेंट बनवताना चुनखडीतूनच वायू सुटतो, तिथे नुसती सौरऊर्जा आणून भागत नाही, हे मला कळतं. तरीही मी बंदीच्या बाजूने आहे.

आधी हे पाणी काय आहे ते सांगते. हिमयुगापूर्वी इथे एक मोठी नदीची दरी होती. हिमनद्यांनी ती वाळू-खडीने भरून टाकली आणि वर मातीचे थर चढले. त्या गाडल्या गेलेल्या दरीतल्या वाळूत आज पाच लाखांहून जास्त माणसांचं पिण्याचं पाणी आहे. 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, या भागासाठी हा पाण्याचा एकमेव स्रोत असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. म्हणजे हा बिघडला तर दुसरीकडून पाणी आणणं परवडणारं नाही, हे सरकारनेच लिहून दिलंय. मी मूळची साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली. पाण्याच्या बाबतीत ‘बघू पुढचं पुढे’ असं म्हणणं मला जमत नाही.

आता डिकेटर. शॅम्पेनपासून तासाभरावर असलेलं हे गाव मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या एडीएम कंपनीचं. मका आंबवून इथेनॉल करताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे तो पकडणं सोपं. 2011 ते 2014 या काळात सुमारे 10 लाख टन वायू दोन किलोमीटरहून जास्त खोल असलेल्या वालुकाश्मात दाबला गेला. वर शेल नावाच्या खडकाचा जाड, घट्ट थर. हे काम जगभर आदर्श म्हणून दाखवलं जायचं, आणि खडकापुरतं बोलायचं तर ते कौतुक रास्तच होतं. पुढे त्याच आवारात मोठा व्यापारी प्रकल्प उभा राहिला.

गळती झाली ती खडकातून नव्हे. खाली वायू कुठे सरकतोय ते पाहण्यासाठी जी देखरेखीची विहीर खोदली होती, तिच्यातूनच. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं आणि ते पोलादाला खातं. त्या विहिरीची नळी गंजली आणि सुमारे 8,000 टन वायू-द्रव परवानगी नसलेल्या थरात शिरला. तो पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जलधर काहीशे फुटांवर आहे आणि गळती त्याच्या कितीतरी खाली झाली. पण साठवणुकीचे समर्थक आम्हाला कायम खडकाची जाडी सांगत आले. लाखो वर्षं अभंग राहिलेल्या थराला भोकं आपण पाडतो, आणि धोका त्या भोकांपाशी असतो. प्रकल्प जितका मोठा, तितक्या विहिरी जास्त.

मला खरा राग तारखांचा आहे. कंपनीला हा प्रकार मार्च 2024 मध्ये कळला होता. मेच्या अखेरीस राज्याच्या विधिमंडळाने कार्बन साठवणुकीचे नियम ठरवणारा कायदा मंजूर केला, जुलैमध्ये त्यावर सही झाली. देशातला पहिला मोठा प्रकल्प गळतोय ही बातमी आम्हा लोकांपर्यंत आली सप्टेंबरमध्ये. कायद्याची चर्चा चालू असताना ही गोष्ट सभागृहासमोर नव्हती. नंतर लोक खवळले आणि वर्षभरात महॉमेटची बंदी आली, तर त्याला अडाणीपणा कसं म्हणायचं? मार्चमध्येच गावात सभा घेऊन ‘नळी गंजली, एवढा वायू गेला, असं दुरुस्त करतोय’ असं सांगितलं असतं, तर कदाचित एवढी कडक बंदी मागायची वेळच आली नसती.

त्याच 2024 च्या कायद्यात एक तरतूद आहे, ती आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी नीट वाचावी. जमिनीखालच्या खडकातली पोकळी जमीनमालकाची, असं कायदा मानतो. पण प्रकल्पाच्या टापूतल्या 75 टक्के पोकळीच्या मालकांनी होकार दिला, की उरलेल्यांची पोकळीही मोबदला देऊन त्यात ओढता येते. वायू गाडणाऱ्या कंपनीला केंद्र सरकारकडून टनामागे 85 डॉलरपर्यंत करसवलत मिळते. एवढा पैसा समोर असताना नाही म्हणणाऱ्या एकट्या शेतकऱ्याचं बळ ते किती? म्हणून लोक एकत्र येऊन गावपातळीवर, काउंटीपातळीवर (म्हणजे जिल्ह्यापातळीवर) बंदी मागतात. त्यांच्या हातात तेवढंच असतं. साउथ डकोटाने मार्च 2025 मध्ये कार्बनच्या पाइपलाइनसाठी सक्तीचं भूसंपादन बंद केलं, तेही शेतकऱ्यांच्या रेट्यामुळेच.

पाइपलाइनचा विषय निघालाच आहे तर मिसिसिपीतलं सटार्शिया आठवावं. 22 फेब्रुवारी 2020 ला पावसाने माती खचली आणि कार्बन डायऑक्साइडची नळी फुटली. हा वायू हवेपेक्षा जड, तो सखल भागात साचला. ऑक्सिजन नाही म्हणून गाड्यांची इंजिनं बंद पडली. 200 च्या आसपास लोकांना हलवावं लागलं, 45 जणांना रुग्णालय गाठावं लागलं. कुणी दगावलं नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा असा: प्रत्येक गावाने नाही म्हटलं, तर हा वायू जाणार कुठे? प्रश्न खरा आहे आणि तो मला छळतो. शॅम्पेन हे विद्यापीठाचं गाव. आमच्याकडे भूगर्भशास्त्रज्ञ आहेत, वकील आहेत, सभागृहात ऐकलं जाईल असा आवाज आहे. लुइझियानात लिव्हिंगस्टन पॅरिशने (तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) 2022 मध्ये साठवणुकीच्या चाचणी-विहिरींवर स्थगिती आणली, तर कंपनी न्यायालयात गेली आणि न्यायाधीशांनी पॅरिशच्या विरोधात अंतरिम आदेश दिला. नकाराचा हक्क फक्त आवाज असलेल्यांना मिळाला, तर ओझं बिनआवाजाच्या गावांकडे सरकेल. म्हणूनच तो हक्क कायद्याने सगळ्यांना द्यायला हवा, असं मला वाटतं.

आणि तो दिला की साठवणूक मरते, हेही खरं नाही. नेदरलँड्समधल्या बारेंद्रेख्त गावाखालच्या रिकाम्या वायूक्षेत्रात शेल या तेलकंपनीला कार्बन भरायचा होता. नगरपालिका विरोधात असताना सरकारने प्रकल्प रेटला, लोक इरेला पेटले आणि 2010 मध्ये सगळंच रद्द करावं लागलं. पण डच लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. रॉटरडॅमचा पोर्थोस प्रकल्प आज समुद्राखालच्या रिकाम्या वायूक्षेत्रासाठी उभारला जातोय. नॉर्वे तर 1996 पासून स्लाइपनर इथे समुद्रतळाखाली वायू साठवतंय. लोकांच्या नकारामुळे प्रकल्पाची जागा बदलली, आणि माझ्या मते ती चांगल्यासाठीच बदलली.

आपल्याकडचं काय? महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. आइसलँडमधल्या कार्बफिक्स कंपनीने दाखवून दिलंय की पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टमध्ये सोडला, तर तो दोन वर्षांच्या आत जवळजवळ सगळा दगड होऊन बसतो. दख्खनच्या खडकाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष कधीपासून आहे. केंद्राच्या 2026-27 च्या अर्थसंकल्पात कार्बन पकडणं, वापरणं, साठवणं यासाठी पाच वर्षांत 20,000 कोटी रुपये ठेवलेत. मला या संशोधनाचा आनंदच आहे. पण त्याच कार्बफिक्सला 2025 मध्ये आइसलँडच्या हाफ्नारफ्योर्दुर गावातला मोठा प्रकल्प सोडून द्यावा लागला, कारण युरोपातून जहाजाने आणलेला वायू आपल्या वस्तीशेजारी गाडायला गावकरी तयार झाले नाहीत.

आपल्यासाठी या पद्धतीतली मेख पाण्यात आहे. टनभर वायूला साधारण 25 टन पाणी लागतं. वर्षाला 10 लाख टन वायू म्हटला तर अडीच कोटी घनमीटर, म्हणजे टीएमसीच्या हिशेबात 0.9 च्या आसपास. खालून उपसलेलं पाणी पुन्हा वापरता येतं, समुद्राच्या पाण्याचेही प्रयोग झालेत, म्हणून कोकणकिनाऱ्याचा विचार होऊ शकेल. पण माण-खटावात, मराठवाड्यात आपल्या विहिरी याच बेसॉल्टच्या भेगांमधल्या पाण्यावर चालतात. शिवाय कोयनेच्या परिसरात, 1967 चा भूकंप पाहिलेल्या माणसांना खडकातल्या पाण्याच्या दाबाबद्दल वेगळं शिकवायची गरज नाही.

पहिलं बोअर मारण्याआधी ग्रामसभेचा ठराव हवा, आणि तो ठराव ‘नाही’ असेल तर यंत्र परत गेलं पाहिजे. ओडिशातल्या नियमगिरीत 2013 मध्ये ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि देशाला तो मानावा लागला. देखरेखीच्या विहिरींच्या नोंदी दर महिन्याला मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या पाहिजेत. आणि ज्या गावाला पिण्याच्या पाण्याचा दुसरा स्रोत नाही, त्या गावाखाली हा प्रयोग मुळीच नको, ग्रामसभेने होकार दिला तरीही.