‘आधी पाठ करा, विचार नंतर’ हे फ्लोअरवर चालत नाही

जिमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय. माझ्याकडे तो आठवडाभरात चार जणांनी पाठवला. शिकाऊ ट्रेनरला पहिले सहा महिने विचार करायला लावू नका, नुसतं पाठ करून घ्या, असं त्यात म्हटलंय. कारणं चार दिलीत: नियम आणि सूत्रं शास्त्राने सिद्ध आहेत; ‘का?’ विचारणारा ट्रेनर मेंबरसमोर कच्चा दिसतो. तालमीतली पोरं वस्तादाला प्रश्न न विचारताच घडली. आणि विचार अनुभवाने आपोआप येतो. मी तेरा वर्षं फ्लोअरवर, म्हणजे जिममध्ये मेंबरांना व्यायाम शिकवत उभा आहे, दर वर्षी पाच-सहा मुलंमुली माझ्या हाताखाली शिकतात. मला चारही कारणं मान्य नाहीत.

पहिल्या कारणापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. भिंतीवरच्या तक्त्यातलं, मिनिटाला नाडीचे कमाल ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ घ्या. हे सूत्र १९७१ साली फॉक्स आणि सहकाऱ्यांच्या लेखातून पसरलं. त्यासाठी कुणी वेगळा प्रयोग केलेला नव्हता. आधीच्या अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडले आणि त्यांतून अंदाजाने रेघ ओढली. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक इकडे-तिकडे सहज असतो.

आमच्याकडे ५४ वर्षांच्या एक काकू ट्रेडमिलवर चालत होत्या. तक्त्याप्रमाणे कमाल नाडी १६६, तिचे ८० टक्के म्हणजे १३३ हे गाठायचं लक्ष्य. मशीनवर आकडा १०८. आमचा मुलगा मान खाली घालून वेग वाढवत होता. काकूंचे ओठ कोरडे पडले होते, रेलिंग घट्ट धरलं होतं, एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. त्या रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत होत्या. ही गोळी नाडी फारशी चढू देत नाही. गोळीचं नाव त्यांच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. मुलाला सूत्र चोख पाठ होतं, पण समोरच्या बाईकडे बघ असं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात माझीही चूक होती, मीच त्याला तक्ता देऊन उभं केलं होतं.

तीच गत ‘स्क्वॉटमध्ये गुडघा पंजाच्या पुढे जाता कामा नये’ या नियमाची (स्क्वॉट म्हणजे उठाबशीसारखा व्यायाम). २००३ साली फ्राय, स्मिथ आणि शिलिंग यांनी सात पुरुषांना वजनाचा बार घेऊन स्क्वॉट करायला लावला, एकदा मोकळा आणि एकदा गुडघ्यांसमोर फळी लावून. फळीमुळे गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांधा फिरवणारा जोर, साधारण १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आला, पण खुब्यावरचा २८ वरून ३०० च्या पुढे गेला. गुडघा अडवला की माणूस पुढे झुकतो आणि भार वर सरकतो. सातच माणसं होती, त्यामुळे यावरून उलटा नियम करू नये, हेही मी मुलांना सांगतो. पण लांब मांडीच्या, कंबर दुखणाऱ्या माणसाला हा नियम डोळे मिटून लावणं चूक आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि तालमीचाच दाखला द्यायचा तर बैठक आठवा. टाच उचललेली, गुडघा पंजाच्या कितीतरी पुढे. पैलवानांच्या पिढ्या हेच करत आल्या. सल्ला लिहिणाऱ्याने वस्तादाचा फक्त दरारा पाहिलाय. माझ्या लहानपणीचे वस्ताद सकाळी प्रत्येक पोराची चाल बघायचे. कोण रात्री जागलाय, कुणाचा खांदा उतरलाय हे बघून एकाला जोर वाढवायचे, दुसऱ्याला नुसती माती उकरायला लावायचे. पोरं प्रश्न विचारत नव्हती हे खरं, पण वस्ताद स्वतःला रोज विचारत होते. आपल्या शिकाऊ मुलांनी त्यांच्याकडून उचलायचं ते हे.

मेंबरसमोर कच्चं दिसण्याचं म्हणाल, तर ‘ताई, तुमचे रिपोर्ट बघून उद्या सांगतो’ म्हणणारा ट्रेनर माझ्याकडे आजवर कुणी नाकारलेला नाही.

राहिला अनुभव. फ्लोअरवर आपल्याला कोण दिसतं? जे टिकले ते. ज्याची कंबर धरली, तो भांडायला येत नाही, तो यायचाच थांबतो. मग दहा वर्षं एकच चूक करणाऱ्यालाही आपली पद्धत लागू पडते असंच वाटत राहतं. म्हणून माझ्याकडे नवीन मुलं व्यायाम देण्याआधी वहीत तीन ओळी लिहितात: हे मी का देतोय, काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन, आणि मला काय माहीत नाही. शिवाय महिन्यातून एकदा, सोडून गेलेल्या मेंबरांना त्यांनीच फोन करायचा.

गेल्या महिन्यात आमच्या एका मुलीने असाच फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “अगं, गुडघा दुखतोय असं मी दोनदा सांगितलं होतं. तुमचा मुलगा म्हणाला, दुखतंय म्हणजे लागू पडतंय.” तिने फोन ठेवला, ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं आणि वही त्या मुलासमोर ठेवली.