एचआयव्हीच्या गोळ्या बंद करू नका हे पण लिहा ना

एचआयव्हीवरच्या तुमच्या लेखात पीडी-१ (टी सेल्सवरचा, त्यांना थांबवणारा ब्रेक) ब्लॉक करून थकलेल्या टी सेल्सना, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, परत लढायला लावायचं म्हटलंय, ते समजावलंय छान. एचआयव्ही वर्षानुवर्षं अंगात राहिला की सीडी८ पेशींवर (विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या टी सेल्स) पीडी-१ वाढतं आणि विषाणू समोर असूनही त्या ढिम्म राहतात, हे २००६ मध्येच दिसलं होतं. कॅन्सरमध्ये हा आणि असेच ब्रेक काढणारी औषधं आली, त्यामागच्या शोधांसाठी होन्जो आणि ॲलिसन या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण कॅन्सरच्या पेशंटला साइड इफेक्ट्स चालवून घेतात, इथे रोज गोळी घेऊन धडधाकट असलेल्या माणसाची इम्युनिटी त्याच्याच थायरॉइडवर, आतड्यावर उलटली तर? शिवाय सीडी४ पेशींत (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या टी सेल्स) झोपलेला विषाणू बाहेरच आला नाही तर सीडी८ मारणार कुणाला, आधी त्याला उठवायला लागणार ना.

मी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, काउन्सेलिंग करते. अशी बातमी आली की लोक मोबाईल पुढे धरून विचारतात, मॅडम आता गोळ्या बंद करू का? नाही हो! गोळ्या सोडल्या की बहुतेकांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) काही आठवड्यांत परत वर येतो. संशोधन जोरात होऊ दे, पण हे एक वाक्य लेखात ठळक टाकाच प्लीज.