‘मोबाईल म्हणजे विष’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. आधी बिल्डिंगच्या ग्रुपवर, मग शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: मोबाईल मुलांसाठी विष आहे, आयपॅड काढणाऱ्या ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सनेसुद्धा स्वतःच्या मुलांना आयपॅड दिला नाही, निळ्या प्रकाशाने डोळे जातात, मोबाईलमुळे मूल ऑटिस्टिक होतं आणि मोबाईल काढून घेतला की बरं होतं, म्हणून १८ वर्षांपर्यंत हातात देऊच नका, आणि देणाऱ्या आया आळशी आहेत. पाठवणाऱ्यांना मुलांची काळजी वाटते हे मला मान्य आहे, मलाही वाटते, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि एक वाक्य तर चक्क धोकादायक आहे.

आधी तेच घेऊ. मोबाईलमुळे ऑटिझम होतो, हे खरं नाही. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतला फरक, त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा जन्माच्या आधीच झालेली असते. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे स्क्रीनमुळे होणारा ऑटिझम, हा शब्द यूट्यूबवर खूप चालतो, पण डॉक्टर निदानासाठी डीएसएम-५ नावाचं जे पुस्तक वापरतात त्यात असं काही निदानच नाही. मग यात खरं काय आहे? दीड-दोन वर्षांचं मूल तासन् तास व्हिडिओसमोर बसलं तर बोलायला उशीर होऊ शकतो, कारण बोलणं हे समोरच्या माणसाशी देवाणघेवाण करून येतं, त्याने ‘का’ म्हटलं की आपण ‘काऊ’ म्हणायचं, तो हसला की आपण हसायचं, आणि व्हिडिओ एकटाच बोलत राहतो. अशा मुलाचा मोबाईल कमी केला, घरच्यांनी जवळ बसून गप्पा मारल्या, की काही मुलं भराभर बोलायला लागतात, छानच आहे ते, पण म्हणजे ऑटिझम बरा झाला असं नाही.

आणि धोका कुठे आहे तर हा मेसेज वाचून आईवडील फोन काढून घेतात आणि म्हणतात सहा महिने वाट बघू. ते सहा महिने फार मोलाचे असतात हो! थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितका मुलाला फायदा. एक वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून ‘ते बघ’ करत नसेल, तर फोन बंद करा पण डॉक्टरकडेही जा, प्रायव्हेट परवडत नसेल तर मुंबईत महापालिकेची केईएम, सायन, नायर ही हॉस्पिटलं आहेत, तिथल्या बालरोग विभागात दाखवा.

आमच्याच मजल्यावर एकीच्या मुलाला ऑटिझम आहे. मेसेज आला त्या संध्याकाळी ती मला जिन्यात भेटली, हातात भाजीची पिशवी, आणि म्हणाली, ‘ताई, मी त्याला जेवताना बडबडगीतं लावून द्यायचे, त्यामुळेच झालं असेल का गं?’ नाही, त्यामुळे झालेलं नाही. हे ग्रुपवर सगळ्यांसमोर कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून लिहितेय.

आता स्टीव्ह जॉब्स. २०१० मध्ये, म्हणजे आयपॅड बाजारात आला त्याच वर्षी, न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराने त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मुलांनी तो अजून वापरलेला नाही आणि घरी आम्ही टेक्नॉलॉजीवर मर्यादा घालतो. मर्यादा म्हणाला, बंदी नाही. पुढे जाऊ.

डोळ्यांचं बघा. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उन्हाच्या मानाने अगदीच कमी असतो, त्याने डोळे खराब होतात याला पुरावा नाही, अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते, त्यामुळे ब्लू-कट चष्म्यावर पैसे घालवू नका. पण लांबचा नंबर लागणं हा प्रश्न खरा आहे, आणि तो लागतो तासन् तास जवळचं बघून आणि बाहेर न पडून. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत लहान मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची मैदानावर दिली, तीन वर्षांनी नव्याने नंबर लागलेली मुलं तिथे साधारण ३० टक्के होती आणि बाकीच्या शाळांत साधारण ४० टक्के. २०१५ साली हा अभ्यास छापून आला. म्हणजे औषध काय, तर खाली खेळायला पाठवा.

पण मुंबईत खाली म्हणजे कुठे? कंपाउंडमध्ये गाड्या, भिंतीवर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ची पाटी, बॉल काचेला लागला की मीटिंगमध्ये तक्रार. शिवाजी पार्क काय सगळ्यांच्या दारात नाही. ज्यांना मुलांच्या मोबाईलची मनापासून काळजी वाटते त्यांनी आपापल्या सोसायटीच्या कमिटीकडे एकच मागणी करावी, संध्याकाळी ५ ते ७ कंपाउंडचा एक कोपरा गाड्यांशिवाय मोकळा ठेवा. मेसेज फिरवण्यापेक्षा त्याने जास्त मुलांच्या हातातला फोन सुटेल.

१८ वर्षांपर्यंत बंदी हे तर डॉक्टरही सांगत नाहीत. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं साधं आहे: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, अधूनमधून आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षं दोन तासांच्या आत, आणि पुढे झोप, खेळ, अभ्यास, घरच्यांबरोबरचा वेळ यांच्याशी तोल सांभाळून. शाळेचा होमवर्क व्हॉट्सॲपवर येतो, मुंबई महापालिकेने २०१५ पासूनच आठवीच्या मुलांना टॅब दिले होते. आणि अठराव्या वर्षी पहिल्यांदा हातात फोन आला, त्यात यूपीआय, इन्स्टा, अनोळखी माणसांचे मेसेज, सगळं एकदम, तर त्या मुलाला ते वापरायला शिकवणार कोण?

शिकवायचं म्हणजे शेजारी बसायचं. माझी मुलगी शॉर्ट्स बघते तेव्हा अंगठा नुसता वर सरकत असतो, मध्येच विचारलं याच्या आधी काय बघितलंस तर तिला सांगता येत नाही. तीच मुलगी वारली चित्राचा व्हिडिओ लावते तेव्हा थांबवते, मागे नेते, माणसाचे दोन त्रिकोण काढते, पाय वाकडे आले म्हणून चिडते, मला दाखवायला येते. फोन तोच, अर्धा तासही तोच. म्हणून मी मिनिटं मोजण्याआधी काय चाललंय ते बघते, ऑटोप्ले बंद ठेवते, आणि फोन हिसकावून घ्यायच्या ऐवजी आधी सांगते की हा संपला की बंद, मग खरंच बंद.

राहिला आळशी आयांचा मुद्दा, आणि याचा मला राग येतो. बदलापूर-विरारवरून लटकत ये-जा करणारी बाई घरी येऊन कुकर लावते, एका खोलीत सासऱ्यांचा टीव्ही चालू, तेव्हा २० मिनिटं मुलाच्या हातात फोन दिला तर ती आळशी? आणि जेवताना रील्स बघणाऱ्या बाबांबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हे बरोबर ओळखलं, तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद, मुलांचे तसे मोठ्यांचेही. नियम घरातल्या सगळ्यांना असेल तरच मूल तो मानतं. आमच्याकडे भोंगा नाही, पण ताटावर कुणाचाच फोन नाही, आणि रात्री सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, नवऱ्याचासुद्धा, ऑफिसचा कॉल आलाच तर तो ओट्यापाशी उभा राहून घेतो.